लिफ्ट केलेल्या एसयूव्हीचं मागचं एअर सस्पेन्शन पुन्हा पुन्हा बंद पडतंय? कॉम्प्रेसर बदलण्याआधी हे तपासा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. गाडी ५० मिमी उचलली. पुढे लांब कॉइल स्प्रिंग, चारही बाजूंना लांब शॉकअप आणि मागचं मूळचं एअर सस्पेन्शन तसंच ठेवलं. गॅरेजमधून बाहेर पडताना गाडी चारही कोपऱ्यांत सारखी उभी. दोन-तीन आठवडे काही तक्रार नाही. मग एखाद्या खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्डवरचा उंचीचा दिवा लुकलुकायला लागतो, मागची बाजू खाली बसते, कॉम्प्रेसर गप्प होतो. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं ठीक, गाडी उठते. चार दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे हा खेळ चार महिने चालला. तेवढ्यात मी कॉम्प्रेसरचा रिले बदलला, ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे बदलले, कॉम्प्रेसर उघडून पिस्टनची रिंग घातली आणि दर वेळी "झालं एकदाचं" म्हणून हात धुतले. दोष यातल्या एकाही वस्तूत नव्हता. उंची ज्या पद्धतीने वाढवली होती, तिच्यात होता. तो निस्तरल्यावर तोच दिवा आणखी दोनदा लागला, दोन्ही वेळा वेगळ्या कारणाने, आणि त्यातलं एक कारण मी स्वतः होतो.

हे सगळं पुढे स्प्रिंग आणि मागे अख्खा अ‍ॅक्सल व एअर अशी मांडणी असलेल्या गाड्यांसाठी आहे. लेक्सस जीएक्स ४७० किंवा लँड रोव्हर डिस्कव्हरी २ ची मागे एअर असलेली गाडी ही त्यातली ओळखीची उदाहरणं. चारही चाकांना एअर असेल तर प्रकरण वेगळं. आणि "एअर बॅग" म्हटलं की स्टिअरिंगमधली आठवते, म्हणून मागे स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशवीला पुढे मी सरळ बलून म्हणतो.

बलूनबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. गाडी उंच केली म्हणजे बलूनमध्ये दाब जास्त भरला, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. गाडीचं वजन तेवढंच, बलूनचं ते वजन पेलणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, म्हणजे दाबही जवळपास तोच. वाढतं ते हवेचं आकारमान. बलून फक्त लांब होतो. रबराची जी घडी खालच्या पिस्टनवर, म्हणजे बलून ज्या डब्यासारख्या पायावर बसतो त्यावर, मोज्यासारखी गुंडाळलेली असते, ती उलगडत वर सरकते. ही घडी म्हणजे बलूनची शिल्लक. चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा हीच घडी खर्ची पडते. उभ्या गाडीतच ती अर्धी खर्च करून टाकली, तर खड्ड्यासाठी काय उरणार?

आता गॅरेजमध्ये होतं काय ते बघू. मागच्या बाजूला चासीवर हाइट सेन्सर असतो. त्याच्या छोट्या दांडीला लिंक रॉड जोडलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक खालच्या आर्मला किंवा अ‍ॅक्सलला. बॉडी खाली बसली की दांडी एका दिशेला फिरते, वर उठली की दुसऱ्या. कॉम्प्युटर फक्त त्या दांडीचा कोन वाचतो, त्याला गाडी दिसत नाही. तेव्हा लिंक रॉड लांब केला की कॉम्प्युटरला वाटतं गाडी बसली आहे, आणि तो हवा भरून ती उचलतो. काम अर्ध्या तासाचं, सुटे भाग दोन. सेन्सरच्या वायरमध्ये घालायचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल किंवा स्कॅनरने उंचीचा आकडा बदलणं, हेही तेच. मार्ग वेगळा, थाप एकच.

थाप कॉम्प्युटरला पचते, बलूनला पचत नाही. इथे एक बारकावा आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. मूळचे शॉकअप तसेच ठेवून फक्त लिंक लांब केली, तर बलून वाचतो. कारण चाक किती खाली लोंबेल हे शॉकअप ठरवतो, आणि तो जुनाच आहे. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. माझ्या गाडीत मूळ उंचीपासून चाक सुमारे ९० मिमी खाली जायचं. गाडी ५० ने वर गेली की उरतात ४०. गतिरोधक उतरताना मागून "ठक्" असा आवाज येतो, तो शॉकअप पूर्ण ताणला गेल्याचा. आणि हाय मोड लावला, जो बहुतेक गाड्यांत आणखी साधारण ४० मिमी उचलतो, की शिल्लक शून्य.

पण लिफ्टबरोबर लांब शॉकअप बसवले, जे सगळेच बसवतात, की तो लगामही सुटतो. माझे शॉकअप ३० मिमी लांब होते. म्हणजे चाक पूर्ण लोंबलं की बलून त्याच्या मूळ मर्यादेपेक्षा ३० मिमी जास्त ओढला जात होता. स्पेसर, म्हणजे बलूनच्या वर किंवा खाली घालायचा ठोकळा, कुठेच नव्हता. पहिला दिवा लागला तो यामुळे.

हे सापडायला चार महिने का लागले? कारण साबणाचं पाणी मी उभ्या गाडीवर मारत होतो. गाडी चाकांवर उभी असताना बलून व्यवस्थित दाबलेला, खालची बैठक घट्ट, एक बुडबुडा नाही. गळती फक्त चाक लोंबतानाच व्हायची, तीही सेकंदभर. खडबडीत रस्त्यावर असे शेकडो सेकंद जमा झाले की हवा कमी होते, कॉम्प्रेसर भरत राहतो, तापतो, आणि ठरलेल्या वेळेत उंची गाठली गेली नाही म्हणून कॉम्प्युटर हात वर करतो.

तपासणी अशी करा. आधी हाइट कंट्रोलचा ऑफ स्विच दाबा आणि इग्निशन बंद केल्यावर सस्पेन्शनचा फ्यूजही काढा, कारण काही गाड्यांचा कॉम्प्युटर गाडी बंद असतानाही मधूनच जागा होऊन उंची जुळवतो. पुढच्या चाकांना ओट लावा, म्हणजे गाडी सरकणार नाही. चासी मजबूत स्टँडवर घ्या, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक ठेवा. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, अगदी मिनिटभरसुद्धा, शिरू नका. पाइप निसटला तर बॉडी खाली यायला क्षण पुरतो. आता मागची चाकं काढा, बलूनवर साबणाचं पाणी मारा आणि अ‍ॅक्सलचा जॅक हळूहळू उतरवा. माझ्याकडे शेवटच्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये डाव्या बलूनच्या खालच्या बैठकीभोवती फेस जमायला लागला. जॅक पुन्हा वर केला की बंद.

त्याआधीच डोळ्यांना एक खूण दिसत होती, फक्त ती वाचता येत नव्हती. पिस्टनवर रबर जिथे वर-खाली फिरतं तिथे एक काळा, गुळगुळीत, चकाकणारा पट्टा पडतो. बाकी पिस्टन मातीने माखलेला. माझ्या पिस्टनवर असे दोन पट्टे होते. एक मधोमध, जुना, त्यावर आता धूळ चढलेली. दुसरा त्याच्या सुमारे अडीच सेंटिमीटर वर, पिस्टनच्या अगदी काठाला भिडलेला, ताजा. बोट फिरवलं तर जुन्या पट्ट्यावर खरखर लागत होती आणि नव्यावर काचेसारखं गुळगुळीत. बलून कुठे राहायला हवा होता आणि कुठे राहतोय, हे त्या दोन पट्ट्यांनी कुठल्याही स्कॅनरपेक्षा स्पष्ट सांगितलं. तुमची गाडी लिफ्ट केलेली असेल तर आज टॉर्च घेऊन एवढं तरी बघाच.

उपाय स्पेसरचा. जेवढी लिफ्ट, तेवढ्या जाडीचा स्पेसर बलूनच्या वर किंवा खाली, जिथे तुमच्या गाडीत बसतो तिथे. मग बॉडी ५० मिमी वर असली तरी बलून त्याच्या मूळ लांबीवर काम करतो, घडी पुन्हा पिस्टनच्या मधोमध येते. गाडीची चालही मूळसारखी राहते. फक्त लिंकवर उचललेली गाडी मागून किंचित मऊ आणि डुलती वाटते ती बलूनमधल्या हवेचं आकारमान वाढल्यामुळे. स्पेसर घातल्यावर ते गेलं. स्पेसर घन आणि सपाट बैठकीचा हवा, त्यावरची बलूनची खुंटी किंवा क्लिप मूळसारखीच अडकायला हवी. लाकडी ठोकळे किंवा वॉशरची चवड हा विषयच काढू नका.

स्पेसर घातला की बंप स्टॉपही तेवढ्याच मापाने खाली आणावा लागतो. हे विसरणारे खूप. कारण सोपं आहे. खड्ड्यात अ‍ॅक्सल वर आदळतो तेव्हा त्याला रबरी बंप स्टॉप थांबवतो. तो जुन्याच जागी असेल तर अ‍ॅक्सल पूर्वीइतकाच वर जाणार, पण आता मधे ५० मिमीचा ठोकळा आहे, तेव्हा बलून ५० मिमी जास्त चिरडला जाणार. ताणून फाटत होता तो आता चेंगरून फाटेल. लांब शॉकअपचं बंद लांबीचं मापही इथेच तपासा. बंप स्टॉप टेकायच्या आधी शॉकअप बुडाला लागत असेल तर त्याचा रॉड वाकेल किंवा बैठक तुटेल.

शेवटी पुन्हा लोंबवून बघा. माझ्या गाडीत ३० मिमी लांब शॉकअप आणि ५० मिमी स्पेसर, म्हणजे चाक पूर्ण लोंबलं तरी बलून मूळ मर्यादेपेक्षा २० मिमी कमीच ताणला जातो. एवढी शिल्लक मला बरी वाटते. अजून लांब शॉकअपचा मोह होतो, पण स्पेसरच्या जाडीपेक्षा शॉकअपची वाढ जास्त करू नका.

आता माझा पराक्रम. गॅरेजवाल्याने जुना लिंक रॉड कापून, मधे तुकडा जोडून वेल्ड केला होता. दिसायला गबाळा. म्हटलं आता सगळं नीट करतोच आहे तर थ्रेडचे, लांबी जुळवता येणारे नवे लिंक रॉड घालू. लिफ्ट ५० मिमी, म्हणून लिंक ५० मिमीने लांब केले. सरळ हिशोब. गाडी सुरू केली तर मागची बाजू उठतच राहिली, बोनेट जमीन हुंगतोय अशी. हाय मोड लावला तर मिनिटभराने पुन्हा तोच दिवा.

चूक अशी की लिंकचं खालचं टोक अ‍ॅक्सलला नव्हतं, आर्मच्या मधल्या भागाला होतं. आर्म एका टोकाला चासीवर फिरतो. अ‍ॅक्सलचं टोक ५० मिमी हललं तरी मधला बिंदू तेवढा हलत नाही. माझ्या गाडीत चासीकडच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलच्या बोल्टपर्यंत ५६० मिमी आणि लिंकच्या बैठकीपर्यंत ३३६ मिमी. भागाकार केला तर ०.६. म्हणजे ५० मिमी लिफ्टसाठी लिंक हवा होता फक्त ३० मिमी लांब. मी ५० केला, त्यामुळे कॉम्प्युटरचं लक्ष्य झालं ५० भागिले ०.६, म्हणजे ८३ मिमी. त्यावर हाय मोडचे ४०, एकूण १२३. शॉकअप पूर्ण ताणून बॉडी जाऊ शकते मूळच्या वर १२० च्या आसपास. उरलेल्या तीन मिलिमीटरसाठी कॉम्प्रेसर जीव तोडून पळत होता. गॅरेजवाल्याचा तो गबाळा तुकडा मोजला तर बरोबर ३० मिमीचा निघाला. त्याने भागाकार वगैरे केला नसावा, टेप लावून गाडी हवी तेवढी उठेपर्यंत जुळवलं असणार.

तेव्हा हिशोब करा, पण शेवटचा शब्द टेपचा. माप जमिनीपासून घेऊ नका, टायरमधली हवा आणि फरशीचा उतार दोन्ही फसवतात. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, चारही चाकांचं, आणि लिफ्ट करायच्या आधीच लिहून ठेवा. मल्टिमीटर असेल तर सेन्सरच्या सिग्नल वायरचं व्होल्टेजही नोंदवा. बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ च्या मधे फिरतो. लिफ्टनंतर, गाडी नेहमीच्या उंचीवर असताना, आकडा लिफ्टच्या आधीसारखाच यायला हवा. तो टोकाकडे सरकलेला असेल तर हाय किंवा लो मोडमध्ये सेन्सर कक्षेबाहेर जाऊन दिवा लागणारच. दोन्ही बाजूंना सेन्सर असतील तर दोन्ही लिंक सारख्याच लांबीने जुळवा, नाहीतर एक बाजू भरते, दुसरी सोडते, आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही.

तिसऱ्यांदा दिवा लागला तो पंक्चरमुळे. म्हणजे पंक्चर काढताना जे केलं त्यामुळे. जॅक चासीला लावला, हाइट कंट्रोल चालूच राहिलं. बॉडी वर गेली, अ‍ॅक्सल लोंबला, सेन्सरने सांगितलं "गाडी फार उंच आहे", आणि कॉम्प्युटरने इमानेइतबारे बलूनमधली हवा सोडून दिली. चाक बसवून गाडी खाली घेतली तेव्हा रिकामा बलून आत दुमडला, घडी उलटी बसली. वर पुन्हा हवा भरल्यावर ती बहुतेक सुटली, पण एका ठिकाणी रबर पिस्टन आणि बैठकीच्या मधे चिमटलं गेलं होतं. महिन्याभरात तिथेच बारीक चीर पडली. त्या बलूनला बदलण्याशिवाय इलाज नव्हता. लिफ्टनंतर लगेच एका बाजूची गळती सुरू झाली असेल आणि पिस्टनवरचे पट्टे ठीक असतील, तर काम करताना सिस्टिम बंद केली होती का, हे गॅरेजवाल्याला जरूर विचारा. आणि बलून रिकामा झालाच असेल तर वजन टाकण्याआधी, अ‍ॅक्सल लोंबलेला असतानाच हाताने घडी नीट करून थोडी हवा भरून घ्या.

रात्रीतून मागची बाजू जराशी बसते म्हणून घाबरून जाणारेही आहेत. दिवसा ३५ अंशांत उभी केलेली गाडी पहाटे २० अंशांवर आली, तर आतली हवा सुमारे ५ टक्के आकसते. बलूनमध्ये २५० मिमी उंचीची हवा धरली तर हा फरक बारा-तेरा मिलिमीटरचा. दोन्ही बाजू सारख्या, एखाद सेंटिमीटर खाली असतील तर ती गळती नाही, थंडी आहे. एकच बाजू खाली किंवा तीन-चार सेंटिमीटरचा फरक असेल तर शोधायला लागा. ही चाचणी फ्यूज काढूनच करा, नाहीतर कॉम्प्युटर रात्री गुपचूप हवा भरतो आणि सकाळी सगळं आलबेल दिसतं.

बाकी गोष्टी थोडक्यात. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी लोंबत्या अवस्थेत ताणल्या जात नाहीत ना, ते बघा. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकण्यापासून रोखणारी आडवी दांडी) असेल तर लिफ्टने अ‍ॅक्सल काही मिलिमीटर बाजूला सरकतो. ५० मिमीपर्यंत चालून जातं, नाहीतर लांबी जुळवता येणारा रॉड घ्या. डिस्कव्हरी २ मध्ये मागे वॉट्स लिंकेज (अ‍ॅक्सलला मधोमध धरून ठेवणारी दांड्यांची जोडणी) आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. जुन्या गाडीत अ‍ॅक्सलला जोडलेला, वजनानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर लिफ्टनंतर त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याची बैठक जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. हेडलाइटची पातळी पुन्हा लावून घ्या.

"एवढा त्रास कशाला, काढून टाक आणि कॉइल बसव" हा सल्ला मला किमान दहा जणांनी दिला. बरेच जण तेच करतात आणि सुखात असतात. पण मागे सहा माणसांचं सामान भरल्यावरही सपाट उभी राहणारी गाडी एकदा चालवली की कॉइलकडे जावंसं वाटत नाही. भरलेल्या गाडीसाठी कडक कॉइल घातली तर रिकाम्या गाडीत कंबर मोडते, मऊ घातली तर भरल्यावर गाडीचं बूड टेकतं. बलूनला ही निवड करावीच लागत नाही.

काम झाल्यावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि लिंक रॉडचे लॉकनट पुन्हा आवळा आणि मडगार्डची मापं पुन्हा घ्या. माझा डावा लॉकनट तेवढ्यात अर्धा फेरा सुटला होता. आणि डिकीत जॅक ठेवतात त्या झाकणावर मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय: "आधी हाइट कंट्रोल ऑफ." पंक्चर काढणारा प्रत्येक जण तो मोठ्याने वाचतो आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो.